अर्ध्या गोळीची साक्ष

खेमा ताकसांडेच्या रक्तात तो आकडा असायलाच नको होता.

आर्वीच्या बस स्टँडसमोर कुबडे मेडिकल आहे. तिथे काउंटरच्या डाव्या टोकाला रक्ताच्या एका थेंबावरून बारा तपासण्या करणारं यंत्र ठेवलेलं होतं. दर्शना कुबडेनं खेमाच्या बोटातून दुसऱ्यांदा थेंब घेतला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि पडद्याकडे बघत राहिली. बाळ-हिमोग्लोबिन अठ्ठावीस टक्के. दोन वर्षांपूर्वी याच मुलीचा आकडा अकरा होता.

"खेमा, तू कोणती औषधं घेतेस सध्या?"

"फॉलिक ॲसिड. ते तर तुमच्याचकडून नेतो ना ताई. अन् दुखलं तर पॅरासिटामॉल."

"बाळगोळी घेतेस का?"

खेमा हसली. चोवीस वर्षांची, उंच, सडपातळ. एसटीत चालक म्हणून तिची निवड झाली होती आणि फिटनेस सर्टिफिकेटच्या आधी रक्त तपासायला ती आली होती. "मले कोण देते बाळगोळी? मी मध्यम आहे ना!"

ती खोटं बोलत नव्हती. दर्शना तिला परकर-पोलक्यातली असल्यापासून ओळखत होती. खोटं बोलताना खेमा कानाची पाळी ओढायची. आत्ता तिचे दोन्ही हात काउंटरवर होते.

"रिपोर्ट उद्या देते," दर्शना म्हणाली. "चांगलाच आहे. एक आकडा पुन्हा बघायचाय."

खेमा आणि तिची थोरली बहीण उत्पला, दोघींना सिकलसेल होता. विदर्भात हा आजार घरोघर माहीत आहे. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात, बारीकशा रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जातात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि एकमेकींत अडकून वाट बुजवतात. मग हाडांत, छातीत, पोटात अशा कळा उठतात, की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. दोघी बहिणींची आई चव्वेचाळीसाव्या वर्षी अशाच एका झटक्यात गेली होती.

यावर निसर्गानं एक उपाय मात्र आपल्या प्रत्येकाच्या शरीरात ठेवलेला आहे. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते पेशीला वाकू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ थांबवतं. नवी गोळी हाडांच्या मज्जेत जाऊन तो बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू करत होती. तिचं खरं नाव लांबलचक होतं. लोकांनी तिला बाळगोळी म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं.

गोळी महाग होती. सरकारच्या आरोग्यकवच योजनेत ती फुकट मिळायची, पण ज्यांना वर्षातून तीनदा दवाखान्यात भरती व्हावं लागलं, अशा 'तीव्र' रुग्णांनाच. उत्पला तीव्र होती. खेमा वर्षातून दोनदा भरती व्हायची, म्हणून मध्यम.

आणि योजनेचा पैसा दुकानदाराला गोळी विकून मिळत नसे. ती रुग्णाच्या पोटात गेली, हे सिद्ध झाल्यावर मिळे. प्रत्येक गोळीत खसखशीच्या दाण्याएवढा तांब्याचा आणि मॅग्नेशियमचा कण बसवलेला होता. जठरातल्या आम्लात भिजला, की त्यातून क्षीण वीज निर्माण व्हायची. दंडावरचा पट्टा ती टिपायचा. त्याच पट्ट्याच्या केसाएवढ्या सुया कातडीखालच्या द्रवातलं औषधाचं प्रमाणही मोजायच्या. गोळी पोहोचली आणि औषध पुरेसं उतरलं, की दुकानातल्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. ठिपका उमटला, की पैसे जमा.

मंत्रालयात या योजनेचं फार कौतुक होतं. चोरीला जागाच नाही, असं सगळे म्हणत.

दर्शनानं उत्पलाचं पान उघडलं. चौदा महिने सलग हिरवे ठिपके होते, एकही दिवस चुकलेला नव्हता. मग खेमाच्या रक्तात काय शिरलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्पला आली. ती डाकसेवक होती. टपालाची थैली खांद्याला, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आत दर्शनाचे सासरे नामदेवराव वर्तमानपत्र वाचत बसले होते, तेवढेच.

"उत्पला, तुझी गोळी खेमाला देतेस का?"

उत्पलानं थैली खाली ठेवली.

"अर्धी," ती म्हणाली. "तो दाणा दिसते ना ताई उजेडात धरला की. त्याच्या बाजूनं कापतो. दाण्यावाली अर्धी मी घेतो. दुसरी बारीक करतो अन् तिच्या ताटातल्या जवसाच्या चटणीत मिसळवतो."

"तिला न सांगता?"

"मागच्या वर्षी म्हटलं होतं तिले. तर म्हणे, तुह्या जिवातला वाटा मी खाणार नाई. दोन दिवस जेवली नाई. मग काय करू? मायच्या वेळेस मी उश्याशी बसून होती. पुन्हा तसं बसाची ताकद नाई माह्यात."

"तुला मळमळ होते म्हणायचीस. आता?"

"उपाशीपोटी व्हायची. आता मीबी तिच्यासोबत जेवताना घेतो. काईच होत नाई." मग ती झटकन म्हणाली, "खेमाले सांगू नका ताई. पाया पडतो."

"रक्त तिचं आहे, उत्पला. तिच्या रक्तात काय आहे हे मी तिच्यापासून कसं लपवू?"

संध्याकाळी दर्शनानं दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. खेमाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"चौदा महिने?" ती बहिणीला म्हणाली. "चौदा महिने तू मले फसवून औषध चारलं? अन् स्वतः अर्ध्यावर राहिली? तुले काही झालं असतं तर मी कोणाले तोंड दाखवलं असतं?"

"झालं नाई ना."

"ते तुले मालूम होतं का? नाई ना! मी लहान पोरगी आहे का तुही?"

ती उठून गेली. आठवडाभरानं तिचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. ते तिनं निमित्त केलं आणि त्याच रात्रीच्या गाडीनं अमरावतीच्या वसतिगृहात राहायला गेली. बहिणीचा फोन उचलणं तिनं बंद केलं.

राहिला प्रश्न नियमाचा. योजनेची गोळी दुसऱ्याला दिल्याचं लक्षात आलं, की औषध दुकानानं तीस दिवसांत कळवायचं. कळवलं, की रुग्णाचं कार्ड कायमचं बंद. लपवलं आणि उघडकीला आलं, की दुकानाची मान्यता रद्द. आर्वीत योजनेचं दुसरं दुकान नव्हतं. मान्यता गेली तर बाळगोळीचे एकसष्ट रुग्ण दर आठवड्याला वर्ध्याला जाणार होते, येऊन-जाऊन शंभर किलोमीटर.

"कळव," नामदेवराव म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी ते दुकान चालवलं होतं आणि चाळीस वर्षांत एकदाही चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी दिली नव्हती. "पोरगी चांगली आहे, मले मान्य आहे. पण एकीसाठी साठ जणांचे हाल करशील काय?"

"मामंजी, कार्ड बंद झालं तर ती मरेल."

"अन् दुकान बंद झालं तर बाकीचे हिंडतील. म्हणूनच म्हणतो, विचार कर. तीस दिवस आहेत."

दर्शनानं विचार केला तो वेगळाच. तिला आधी एवढंच बघायचं होतं, की चौदा महिने अर्ध्या गोळीवर राहून उत्पलाचं काही बिघडलं तर नाही ना. पट्टा रोज औषधाचं नेमकं प्रमाण मोजायचा, पण योजनेला हवं असायचं फक्त 'पुरेसं' की 'अपुरं' हे उत्तर. नेमके आकडे सर्व्हरवर पडून राहायचे. मान्यताप्राप्त दुकानाला ते उघडता येत, पण कधी कोणी उघडले नव्हते.

तिनं उघडले. अर्ध्या गोळीला अर्धं औषध उतरायला हवं. उत्पलाच्या अंगात ते पूर्ण गोळीइतकं उतरत होतं. दररोज, चौदा महिने.

काहीतरी चुकतंय म्हणून तिनं पडताळा घ्यायला दुसरं पान काढलं. दौलत झाडेचं. स्टँडच्या मागे त्याचं भजी-मिसळीचं हॉटेल होतं. वर्षभर पूर्ण गोळी घेत होता, पण पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या होत्या, की मागच्या महिन्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी गोळी बंद करा म्हणून सांगितलं. योजनेतल्या दर पाच रुग्णांपैकी एकाचं असंच होत होतं. दौलतच्या अंगात उतरणारं औषध हवं त्याच्या दुप्पट होतं. पडद्यावर तेही हिरवंच. दुप्पट झालं तरी 'पुरेसं' ते पुरेसंच.

ती तशीच उठून दौलतच्या हॉटेलात गेली.

"दौलतभाऊ, खरं सांगा. गोळी कधी घ्यायचे?"

"सकायी, उपाशीपोटी. पाकिटावर लिवलं आहे तसंच."

"भाऊ, मी पोलीस नाही. तुमचं कार्ड मी काढून घेणार नाही."

दौलतनं कढईखालचा गॅस बारीक केला. "उपाशीपोटी उलटी व्हायची बाई. मग मी पयल्या घाण्याच्या भज्यांसंगं घ्याचो. दोन घास पोटात गेले की बरं वाटे."

औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेलं एक पान दर्शनाला आठवलं. काही औषधं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. उपाशीपोटी घेतली, तर बरीचशी न शोषता आतड्यातून तशीच निघून जातात. तेलातुपाचं जेवण सोबत असेल, तर आतड्यात पित्त सुटतं, औषध त्यात विरघळतं आणि कितीतरी जास्त रक्तात उतरतं. बाळगोळीची चाचणी कंपनीनं उपाशीपोटी केली होती. मात्रा त्या हिशोबानं ठरवली आणि पाकिटावर 'रिकाम्या पोटी' असं छापलं. जेवणासोबत तीच गोळी दुप्पट काम करत होती. मग अर्धी पुरत होती आणि पूर्ण घेतली तर पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या हाडांच्या मज्जेवर घाव घालत होती.

पुढचे दहा दिवस तिनं एकसष्ट जणांना फोन केले. गोळी कधी घेता, आणि सोबत काय खाता? लोक आधी बिचकत. मग कोणी म्हणे दूध, कोणी म्हणे शिळी भाकरी अन् तेल-तिखट. पांढऱ्या पेशी पडलेल्या चौदा जणांपैकी तेरा जण जेवणासोबत घेणारे निघाले. त्यांतल्या ज्यांची गोळी चालू होती, त्यांना तूर्त ती उपाशीपोटीच घ्यायला तिनं सांगितलं.

नामदेवरावांनी तो तक्ता चष्मा पुसून दोनदा वाचला. "हे कंपनीले कसं समजलं नाई?"

"कोणी विचारलंच नाही, मामंजी. यंत्राला जेवढं विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं."

ती वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात डॉ. रेहाना काझींकडे गेली. रक्तविकाराच्या त्या मोठ्या डॉक्टर होत्या. बोलायला फटकळ, पण माणूस सरळ. त्यांनी तक्ता बघितला आणि दार लावून घेतलं.

"तुमचं म्हणणं बरोबर असणार," त्या म्हणाल्या. "पण दर्शना, यात जेवणासोबत पूर्ण गोळी घेणारे आहेत. अर्धी घेऊन बरा राहिलेला एकही माणूस नाही. आणि मात्रा अर्धी करा असं म्हणायचं, तर तोच हवा. तसा माणूस सापडणार कुठे? मुद्दाम अर्धी देणं हा गुन्हा आहे."

"आहे एक," दर्शना म्हणाली. "एक नाही, दोघी."

काझींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी वेगळीच बातमी दिली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आरोग्यकवचच्या सुधारणेचं विधेयक येणार होतं. विरोधकांची मागणी होती, की मध्यम रुग्णांनाही गोळी द्या. अर्थखातं म्हणत होतं, की पाचातल्या एकाला ती सोसत नाही, मग तीव्रांना तरी कशाला द्यायची? गोळी यादीतूनच काढा. विधेयक दोन्ही सभागृहांच्या समितीपुढे होतं आणि समिती डिसेंबरमध्ये लोकांचं म्हणणं ऐकणार होती.

"तुमच्या त्या दोघी तिथे उभ्या राहिल्या तर फरक पडेल," काझी म्हणाल्या. "पण कार्ड जाईल. हे त्यांना आधी सांगा."

उत्पला लगेच तयार झाली. पण तिच्या एकटीच्या बोलण्याला अर्थ नव्हता. पट्ट्यावर गोळी पूर्ण दिसत होती. दुसरी अर्धी खरंच कुठे गेली, याचा पुरावा फक्त खेमाच्या रक्तात होता.

दर्शना अमरावतीला गेली. प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर खेमा रिकामी बस उलटी घेऊन दोन खांबांच्या मधे उभी करत होती. उतरून आली, तेव्हा कपाळ घामानं भिजलेलं होतं.

"तिनं पाठवलं काय तुम्हाले?"

"नाही. तिला माहीतही नाही मी आलेय." दर्शनानं सगळं सांगितलं. दौलतचं, तक्त्याचं, नागपूरचं.

खेमा बाकावर बसली. "म्हणजे तिनं ते लपवून केलं नसतं, तर हे कोणाले समजलंच नसतं?"

"कदाचित नसतं."

"मले अजूनबी राग आहे तिचा."

"असू दे. तुझा राग खोटा नाही. तू नाही म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही. परत जाईन."

"तिचं कार्ड जाईल ना?"

"जाईल. निदान काही महिन्यांसाठी. आणि तुझ्या फिटनेसवरही प्रश्न येऊ शकतो. तू सिकलसेलची आहेस हे सगळ्या राज्याला कळेल. लग्नाच्या वेळी लोक..."

"लग्नाचं राहू द्या ताई." खेमा उठली. "तिनं मले न विचारता माह्या रक्तात औषध घातलं. आता त्या रक्ताचं काय कराचं ते मी ठरवीन. कधी आहे नागपूरले?"

दर्शनानं तिसाव्या दिवशी योजनेच्या जिल्हा कार्यालयात दोन कागद दिले. पहिला उत्पलानं गोळी वाटल्याची सूचना, नियमाप्रमाणे. दुसरा स्वतःबद्दल: मला महिन्याभरापूर्वी समजलं होतं, आणि मी मुद्दाम शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. देण्याआधी नामदेवरावांनी तो कागद वाचला होता. "हे दुसरं कशाले लिवलं? कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. ती म्हणाली, समितीपुढे उभं राहून मी त्या दोघींना खरं बोलायला लावणार आहे, मग मी कशी मागे राहू? नामदेवरावांनी उठून तिच्यासाठी चहा ठेवला. आजवरच्या आयुष्यात त्यांनी तो कधी ठेवला नव्हता.

समितीची खोली लहान होती. लांब टेबलापलीकडे तेरा आमदार, एका बाजूला अर्थखात्याचे सचिव. दोघी बहिणी त्या दिवसापर्यंत एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. दर्शनाला मधे बसवून त्या दोन बाजूंना बसल्या.

डॉ. काझींनी दहा मिनिटांत शास्त्र सांगितलं. मग अध्यक्षांनी उत्पलाला उभं केलं.

"तुम्ही योजनेचा नियम मोडला, हे मान्य आहे?"

"हो साहेब. मोडला."

"का मोडला?"

"गोळी एक होती साहेब, अन् आम्ही दोघी होतो."

सचिवांनी घसा खाकरला. "अध्यक्ष महोदय, भावना समजू शकतो. पण दोन व्यक्तींवरून राज्याचं धोरण ठरत नाही. आज ही सूट दिली, तर उद्या प्रत्येक घरात गोळ्या कापल्या जातील."

"कापू नयेत म्हणूनच आम्ही आलोय," दर्शना म्हणाली. "साहेब म्हणतात ते खरं आहे, दोघींवरून ठरत नाही. माझ्या एकसष्ट रुग्णांवरूनही ठरत नाही. पण राज्यभरात अकरा हजार लोकांच्या दंडावर पट्टे आहेत. रोजचे आकडे तुमच्या सर्व्हरवर आहेत. फक्त सोबत काय खाल्लं, एवढं त्यांना कधी विचारलेलं नाही. ते विचारा. मी चुकीची निघाले तर माझी मान्यता कायमची काढून घ्या."

विरोधी पक्षाच्या एका बाई आमदार पुढे झुकल्या. "आणि बरोबर निघाल्या तर, सचिवसाहेब? अर्ध्या गोळीत भागलं, तर आहे त्याच रकमेत दुप्पट लोक बसतील. मध्यम-तीव्र हा वादच उरणार नाही."

सचिव काही बोलायच्या आत खेमा उभी राहिली. तिला कोणी पुकारलं नव्हतं.

"साहेब, मी ते दुसरं अर्धं आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांमागं माहा आकडा अकरा होता, आता अठ्ठावीस आहे. चौदा महिन्यांत एकदाबी भरती नाई झालो. तुमच्या समोर माहं रक्त काढा अन् तपासा. मले विचारून नव्हतं दिलं हे औषध, अन् ते बरोबर नव्हतं. माही बहीण चुकली. पण तिले चूक कराले कोणी लावली? तीनदा भरती झाली तर गोळी, दोनदा झाली तर नाई. म्हणजे गोळीसाठी मी आणखी एकदा मराले टेकावं, असंच ना साहेब?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि सचिवांकडे वळून विचारलं, "अकरा हजार लोकांना एक प्रश्न विचारायला किती दिवस लागतील?"

"तांत्रिकदृष्ट्या..." सचिव अडखळले. "तीन आठवडे."

"विचारा."

बाहेर व्हरांड्यात उन्ह पडलं होतं. उत्पला खांबाला टेकून उभी होती. खेमा तिच्याजवळ गेली.

"पुन्हा मले न सांगता काही चारशील, तर तुह्या हातचं जेवणार नाई," ती म्हणाली.

"नाई चारणार."

"चाल आता. भूक लागली."

त्या दिवशी सगळं सुटलं असतं तर बरं झालं असतं, पण नियम आपल्या चालीनंच चालतात. उत्पलाचं कार्ड कायमचं बंद झालं नाही, पण निर्णय होईपर्यंत स्थगित झालं. मुद्दाम थांबल्याबद्दल दुकानाची मान्यता सहा महिने गेली. जानेवारीच्या शेवटी गोळीचा असर उतरला आणि उत्पलाला झटका आला, छातीत. नऊ दिवस ती वर्ध्याला भरती होती, त्यातले तीन दिवस ऑक्सिजनवर. खेमा रजा टाकून उशाशी बसली. दर्शना रोज जायची आणि प्रत्येक वेळी जिन्यात क्षणभर थांबायची. हे आपण केलं, हा विचार तिला पायरी चढू द्यायचा नाही. चौथ्या दिवशी उत्पलाला ते समजलं असावं. मास्क बाजूला करून ती म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं नाई. गोळी नव्हती म्हणून."

नामदेवरावांनी दर मंगळवारी एक जीप ठरवली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुढच्या सीटवर बसून, हातात यादी घेऊन, ते आर्वीच्या रुग्णांना वर्ध्याच्या दुकानात नेऊन आणत. येताना सगळ्यांचं जेवण झालं का ते विचारत. सहा महिन्यांत एकाचीही गोळी चुकली नाही.

फेब्रुवारीत अकरा हजार जणांची उत्तरं आली. काझींनी दर्शनाला फोनवर निकाल सांगितला. आर्वीत दिसलं तेच गडचिरोलीत, तेच नंदुरबारमध्ये. त्यावर विसंबून वर्ध्यासह तीन जिल्ह्यांत रीतसर चाचणी सुरू झाली: जेवणासोबत अर्धी मात्रा, तीव्र आणि मध्यम दोघांनाही. पहिल्या यादीत उत्पला आणि खेमा ताकसांडे ही दोन नावं होती, यावेळी प्रत्येकीच्या दंडावर स्वतःचा पट्टा. दौलत झाडेही होता. जुलैपर्यंत त्याच्या पांढऱ्या पेशी जाग्यावर आल्या आणि त्यानं दुकानात भज्यांचा पुडा आणून दिला.

विधेयक पुढच्या हिवाळ्यात मंजूर झालं. श्रेय कोणी घ्यायचं यावर सभागृहात दोन दिवस भांडण झालं. सरकार म्हणालं आम्ही चाचणी केली, विरोधक म्हणाले आम्ही मागणी केली. मेडिकलच्या टीव्हीवर ते बघून नामदेवराव म्हणाले, "भांडू दे. दोघंबी आपलंच म्हणतात, म्हणजे आता कोणी मोडणार नाई." कायद्यात दोन गोष्टी आल्या. तीव्र-मध्यम हा भेद गेला. आणि योजनेतल्या प्रत्येक औषधाचे पट्ट्यावरचे आकडे दर तीन महिन्यांनी डॉक्टर-औषधतज्ज्ञांच्या मंडळापुढे ठेवणं बंधनकारक झालं.

नव्या, लहान गोळ्यांची पहिली पेटी मार्चमध्ये आली. पहिली गोळी औषध दुकानदारासमोर, जेवणासोबत घ्यायची, असा नियम होता. खेमा सकाळीच येऊन गेली. खाकी गणवेशात, घाईत. वर्ध्याची गाडी तिला न्यायची होती. पाठोपाठ उत्पला आली. मग दिवसभर माणसं येत राहिली.

दुपारी एकच्या सुमारास एक बाई दारात येऊन उभी राहिली. पंचावन्न-छपन्नची, पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात पिशवी. फुलवंता उईके. तळेगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आली होती. पिशवीतून तिनं 'मध्यम' शिक्का असलेलं कार्ड काढलं. चार वर्षं ते घरात होतं. काही मिळणारच नाही म्हणून ती कधी आलीच नव्हती.

"लहानपणापासून हाडं दुखतेत बाई," ती म्हणाली. "लोक म्हनत काम कराचा कंटाळा आहे हिले."

दर्शनानं तिचा थेंब घेतला, दंडाला पट्टा बांधला, गोळी काढली. मग विचारलं, "जेवण झालं का?"

"पहाटे निंगाली. चहा पेली स्टँडवर."

दर्शनानं घड्याळाकडे बघितलं, मग आत जाऊन स्वतःचा डबा आणला. पोळ्या आणि तेलाचा तवंग आलेली भरली वांगी. नामदेवरावांनी खुर्ची ओढून दिली. फुलवंताबाई आधी नाही नाही म्हणाल्या, मग संकोचानं एक घास घेतला, आणि मग भुकेनं जेवल्या. शेवटच्या पोळीला त्यांनी गोळी घेतली. वरून तांब्याभर पाणी प्याल्या.

त्या तिथेच बसून राहिल्या. दोन तासांनी पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला. दर्शनानं तो त्यांना दाखवला.

"मंग आता उद्या?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून घरीच घ्यायची. रोज, जेवताना. पण पोटभर जेवायचं, अर्धपोटी नाही."

"म्हंजे रोज पोटभर जेवा लागन," फुलवंताबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी महिन्याभराच्या गोळ्या पिशवीत तळाशी ठेवल्या, वर कार्ड ठेवलं, आणि तळेगावची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.